पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. शाळेत कुणाला, काय विचारू?

डोंगराखालची | मंगळवार, रात्री ११:४०

थोडं लांबेल, माफ करा. दोन रात्री झोप नाही.

माझी मुलगी पावणेपाच वर्षांची. इथे तिला चिऊ म्हणते. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, शाळा रिक्षाने दहा-बारा मिनिटांवर. चिऊ मोठ्या शिशूत आहे, साडेआठ ते साडेबारा. मी आठच्या आसपासची लोकल पकडते, म्हणून तिला रिक्षात बसवणं आणि उतरवून घेणं सासूबाई बघतात.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हापासून तिची पाण्याची बाटली भरलेली परत यायला लागली. अर्धी नाही, काठोकाठ. निळी बाटली आहे, झाकणावर ससा. आधी वाटलं, थंडी पडलीय, नसेल लागत तहान. (भांडुपची थंडी ती काय, पण तरी.) मग गेल्या आठवड्यात मी एक दिवस घरी होते. रिक्षा थांबली आणि चिऊ दप्तर रिक्षातच टाकून जिना चढत सुटली. बूट न काढता थेट बाथरूममध्ये. किती वेळ तिची शू थांबेचना. सासूबाई म्हणाल्या, "हे रोजचंच आहे गं."

रात्री मी बाटली भरत होते तर म्हणाली, "आई, पाणी नको भरू. मग शू लागते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी एका दमात विचारलं, शाळेत बाथरूमला का नाही जात? कुणी ओरडलं का? कुणी हात लावला का? तिने माझ्याकडे बघितलं, मग झाकणावरच्या सशाकडे बघितलं, "नाही" म्हणाली आणि आजीकडे झोपायला गेली. तेव्हापासून शाळेचा विषय काढला की "माहीत नाही" एवढंच.

बदलापूरच्या शाळेत दोन मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली तेव्हा, ऑगस्ट २०२४ मध्ये, चिऊ साडेतीनचीसुद्धा नव्हती. २० तारखेला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले होते आणि आमच्या ऑफिसातली कर्जतची मैत्रीण रडकुंडीला येऊन घरी कशी पोचायची ते बघत होती. त्या दोन मुलीही शिशुवर्गातल्या. घडलं तेही शाळेच्या स्वच्छतागृहात, आणि आरोप तिथल्या सफाई कर्मचाऱ्यावर होता. त्यामुळे माझं डोकं कुठे गेलं असेल ते तुम्हाला कळेल.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे. म्हणाले, असंच धरून ठेवलं तर इन्फेक्शन ठरलेलं. वर्गाच्या बाईंना डायरीत लिहिलं तर उत्तर आलं, "रुळेल हळूहळू." नवरा म्हणतो, कॅमेरे आहेत ना शाळेत. आहेत. प्रवेशाच्या वेळी पत्रकात ठळक छापलं होतं, सोळा. पण बाथरूमच्या आत कॅमेरा नसतो, आणि नसावाच.

मी मुलीला गप्प करून बसलेय. आता परत कसं विचारू? आणि शाळेत 'कटकटी आई' असा शिक्का न बसता कुणाला गाठू?

झकास_बाबा | मंगळवार, रात्री ११:५२

सरळ शाळा बदला. रिस्क कशाला?

डोंगराखालची | मंगळवार, रात्री ११:५८

वर्षाच्या मध्यात कोण घेणार? आणि पुढच्या शाळेत बाथरूम नसतं का?

निवृत्त_बाई | बुधवार, सकाळी ६:१०

परळला एका शाळेत बालवर्गाला एकतीस वर्षं शिकवलं. तू विचारलंस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्याच आया तसं विचारतात. फक्त आता दोन-तीन दिवस विषय काढू नको. पाणी भर, प्यायली नाही तर रागावू नको.

मग खेळ. तू मुलगी हो, तिला बाई होऊ दे. जमिनीवर बस, तिच्यासमोर नाही, शेजारी. बाहुल्या, डबे, जे असेल ते. खेळात मध्येच म्हण, "बाई, मला शू लागली." आणि थांब. पुढचं तिला सांगू दे. "मग कोण येतं?", "मग काय होतं?" एवढंच. "काकांनी हात लावला का" असं उत्तर घालून विचारलंस तर ती तुझा चेहरा वाचून हो किंवा नाही म्हणेल. या वयात मुलं आपल्याला बरं वाटेल तेच बोलतात.

दुसरं, अवयवांची नावं तिला येतात ना? आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना 'शेम शेम' हा एकच शब्द यायचा. शेम शेम म्हणजे नक्की काय, ते मुलाला सांगता येत नाही आणि बाईला विचारता येत नाही. आंघोळ घालताना नाक, गुडघा म्हणतेस तशीच तीही नावं सांग, आवाज न बदलता.

आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेव. तारीख घाल. पुन्हापुन्हा वदवून घेऊ नको. आजोबांना सांग, मामीला सांग, हे तर अजिबात नको.

कोर्टकचेरी | बुधवार, दुपारी १:१५

वकिली करते, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यांत बालकांच्या बाजूने उभी राहिले आहे. बाईंच्या शेवटच्या दोन ओळी फ्रेम करून लावाव्यात अशा आहेत. चार नातेवाईकांनी चार वेळा विचारलेलं मूल कोर्टात पाचवीच गोष्ट सांगतं, आणि समोरचा वकील त्यावरच बसलेला असतो.

तुमच्या बाबतीत गुन्हा घडला आहे असं म्हणायला आज काहीही नाही. शाळेत शू न करण्याची शंभर कारणं असतात. पण वेळ आलीच तर घाबरू नये म्हणून सांगते.

पोक्सो कायदा २०१२ चा. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवायचंच. पुरावा गोळा करून या, असं कायदा म्हणत नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर उलटा खटला होत नाही, हेही त्याच कलमात आहे. शाळेने दडपलं तर कलम २१ आहे, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. त्यामुळे "आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो, मग बघू" याला अर्थ नाही. जबाब घरी होतो किंवा मूल म्हणेल तिथे, होता होईल तो महिला अधिकाऱ्याकडून, साध्या कपड्यांत. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवून घेता येत नाही. १०९८ लक्षात ठेवा, मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन. ती १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली.

फलाट_क्र_४ | बुधवार, दुपारी ३:३०

मी गोरेगावच्या एका शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. निवडून वगैरे नाही, चिठ्ठीत नाव आलं.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर आमच्याकडे चोवीस आहेत. बदलापूरनंतर राज्य सरकारचा जीआर आला (सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती), तेव्हा मी म्हटलं, स्क्रीन दाखवा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये टीव्ही होता आणि त्याच्या अर्ध्या भागावर कालनिर्णय टांगलेलं. कोण बघतं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नंतर कळलं, दोन कॅमेऱ्यांवर कबुतरांनी घरटं केलंय.

म्हणून किती कॅमेरे ते विचारू नका. विचारा, मधल्या सुट्टीत शिशुवर्गाच्या बाथरूमजवळ कोण उभं असतं, नाव सांगा. तो माणूस रजेवर असेल तर कोण? सखी सावित्री समितीत पालकांपैकी कोण आहे? नाव सांगता आलं नाही की काय ते समजायचं.

डोंगराखालची | बुधवार, रात्री १०:३५

बाई, तुम्ही दोन-तीन दिवस थांब म्हणालात. मी थांबले होते हो, पण आज तिनेच खेळ मांडला.

बुटांचा रिकामा खोका घेतला, म्हणाली हे बाथरूम. बाहुलीला आत ठेवलं. वर झाकण लावलं. मी शेजारी भाजी निवडत बसले होते, मान वर केली नाही. म्हटलं, "मग काय होतं?" तर म्हणाली, "काका कडी लावतात." मी म्हटलं, "मग?" तर, "मग बाहुलीने टकटक करायचं. पण काका नसतात."

नंतर झाकण उघडून बाहुली बाहेर काढली, तिचे केस नीट केले आणि म्हणाली, "आता ही पाणी नाही पिणार."

वहीत लिहिलंय. हात थरथरत होते म्हणून अक्षर गचाळ आलंय. आता काय करू?

कोर्टकचेरी | बुधवार, रात्री १०:४८

तारीख-वेळ घाला. आज अजून काही विचारू नका. उद्या सकाळीच शाळेत जा, सोमवारची वाट बघू नका. नवऱ्याला बरोबर घ्या. त्या माणसाशी स्वतः भांडायला जाऊ नका, मुख्याध्यापकांशी बोला आणि बोलणं झालं की तेच लेखी द्या, पोच घ्या. तोवर चिऊला घरी ठेवा. ती स्पर्शाबद्दल एक शब्द जरी बोलली तर शाळा बाजूला, थेट १०९८ किंवा पोलीस. मला रात्री दोनलाही मेसेज करा.

घंटा_वाजली | बुधवार, रात्री ११:२०

मी शाळेत मावशी आहे, बारा वर्षं झाली. माझी मुलगी टाइप करून देतेय.

ताई, मी काकांची बाजू घेत नाही. पण कडीचं मला माहिती आहे ते सांगते. बारकी पोरं आतून कडी लावतात आणि मग त्यांना उघडत नाही. आमच्याकडे एकदा दरवाजा तोडला. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आतली कडी काढूनच टाकतात. मग दरवाजा आपोआप उघडतो, बाहेरची पोरं हसतात, म्हणून कुणीतरी बाहेरून धरून उभं राहायचं. ते काम मावशीचं. आमच्या इथे शिशूचे चार वर्ग आणि मावश्या दोन. मधल्या सुट्टीत एकाचा डबा सांडतो, एकाने शी केलेली असते, त्याला धुवेपर्यंत पाच जण पाय आवळून उभे. एक मावशी रजेवर गेली की शिपायाला उभं करतात. हे चूक आहे. आम्हाला पण माहिती आहे. पण आम्हाला कोण विचारतं, आम्ही एजन्सीच्या.

तुम्ही म्हणालात दिवाळीनंतर सुरू झालं. तर दिवाळीनंतर तिथली मावशी बदलली का ते बघा. आमच्यात बोनस हातात पडला की लोक काम सोडतात.

आणि मिटिंगच्या वेळेला जाऊ नका. तेव्हा गेलात तर नुसता फिनेलचा वास येईल. मधल्या सुट्टीला जा आणि स्वतः बघा. कमोड मोठा आहे का तेपण बघा, पोरं आत पडायला घाबरतात.

डोंगराखालची | शुक्रवार, रात्री ९:५०

सगळ्यांना एकदम लिहिते. मावशी, तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय.

काल आम्ही दोघं गेलो. गेटवरचा वॉचमन म्हणाला, भेटायची वेळ साडेबारानंतर. मी खोटं बोलले, औषध द्यायचंय म्हटलं. वर गेलो तेव्हा मधली सुट्टी चालूच होती. पॅसेजच्या टोकाला तीन दरवाजे. आतली कडी काढलेली, स्क्रूची भोकं दिसत होती. बाहेरून नवी स्टीलची कडी. स्टुलावर शिपाईकाका, पंचावन्नच्या पुढचे असतील, आणि समोर सहा-सात मुलं रांगेत. मूल आत जातं, काका कडी लावतात, आतून टकटक झाली की उघडतात. आम्ही बघत उभे होतो तेवढ्यात काकांनी घड्याळ बघितलं, उठले आणि जिन्याने खाली गेले. मधला दरवाजा कडी लावलेला. आतून टकटक. खाली घंटा वाजली.

काका घंटा द्यायला गेले होते! शाळेची घंटा देणं हे त्यांचंच काम.

कडी मीच उघडली. आत एक मुलगा होता, चड्डी गुडघ्यापर्यंत, डोळे हे एवढे मोठे. मला म्हणाला, "काकू, माझी पोळी राहिली."

काका वर आले तेव्हा मी काही विचारायच्या आधीच बोलले. "तुम्ही चिऊच्या आई ना? एकदा तिला वेळ लागला, मी घंटा देऊन आलो तर रडत होती. सॉरी म्हटलं मी तिला." हे त्यांनी वर्गाच्या बाईंनाही तेव्हाच सांगितलं होतं. डायरीत "रुळेल हळूहळू" लिहिणाऱ्या त्याच बाई. माझं तिथे डोकं फिरलं. दोन मिनिटं असतील, तीन असतील. पण तिला कुठे माहीत की काका परत येणार आहेत?

मावशी दिवाळीनंतर सोडून गेलीय, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. एजन्सीने दुसरी दिलेली नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माणूस खूप चांगला आहे, वीस वर्षं आहे इथे." नवरा, जो दोन दिवसांपूर्वी कॅमेरे कॅमेरे करत होता, तो म्हणाला, "मॅडम, आम्ही त्यांना वाईट म्हटलंच नाही. उद्या ते रजेवर गेले आणि तिसराच कुणी स्टुलावर बसला तर त्यालाही आम्ही चांगलाच म्हणायचं का?" मग फलाट दादांचा प्रश्न मी विचारला, सखी सावित्री समितीत पालक कोण? त्यांनी फाइल काढली. त्यात ज्या बाईंचं नाव होतं, त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून ठाण्याला गेलाय.

आज लेखी दिलं, पोच घेतली. शिशूच्या बाथरूमजवळ फक्त बाई माणूस, बाहेरची कडी आजच्या आज काढा, मावशी येईपर्यंत पालकांपैकी कुणीतरी मधल्या सुट्टीत उभं राहील, आणि समितीची नवी यादी नोटिस बोर्डावर लावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर पहिल्या तासात दोन जणी "उगाच वाद नको" म्हणाल्या. रात्रीपर्यंत अकरा सह्या झाल्या. त्यातल्या तिघींनी खाली लिहिलंय, आमचाही पाणी पीत नाही.

निवृत्त_बाई | शनिवार, सकाळी ६:०५

चिऊला सांगितलंस का, की तिचं बरोबर होतं म्हणून?

डोंगराखालची | शनिवार, सकाळी ७:३०

सांगितलं. "तू खोक्याचा खेळ दाखवलास म्हणून आईला कळलं," म्हटलं. त्यावर म्हणाली, "मग कडी काढली का?" मी म्हटलं, सोमवारी बघू. काल संध्याकाळी परत एकदा खेळली, तेच, कडी आणि घंटा. त्यापलीकडे काही नाही. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं, त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलंय.

कोर्टकचेरी | शनिवार, सकाळी ९:४०

ती वही टाकून देऊ नका.

झकास_बाबा | शनिवार, सकाळी १०:१५

आमच्या मुलाच्या शाळेत आज विचारलं. तिथेही शिपाईच. धन्यवाद.

डोंगराखालची | दहा दिवसांनी, रात्री १०:२०

कोणीकोणी मेसेज करून विचारलंत, म्हणून लिहिते.

सोमवारी बाहेरच्या कड्या काढल्या. आता दरवाजांवर आत-बाहेर दोन्हीकडे नुसती भोकं आहेत. दरवाजा आपोआप उघडू नये म्हणून सुतार येऊन काहीतरी करणार होता, अजून आलेला नाही, तोवर विटेचा तुकडा लावतात. पाच दिवस आम्ही आया आळीपाळीने उभ्या राहिलो. एक दिवस माझा होता, अर्धी रजा टाकली. पंचवीस मिनिटांत एकोणीस मुलं, दोघांची शी, एकीची वेणी सुटलेली. घंटा_वाजली मावशी, तुम्ही हे रोज कसं करता मला माहीत नाही. नवी मावशी या सोमवारी आली. कमोडवर ठेवायला छोट्या सीट मागितल्यात, त्यावर "बजेटमध्ये बघतो" असं उत्तर आहे. यादी बोर्डावर लागली. पालक म्हणून माझंच नाव घातलंय, ही शिक्षा की बक्षीस ते कळेना.

चिऊ पहिले तीन दिवस बाथरूमला गेलीच नाही. चौथ्या दिवशी गेली, पण मैत्रिणीला दाराशी उभं करून. आज बाटलीत चार बोटं पाणी उरलं होतं.

काका आता गेटवर असतात. पूर्वी सासूबाईंना नमस्कार करायचे, परवा मी सोडायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. मी चिऊचा हात धरून दोन क्षण थांबले. काय बोलावं सुचलं नाही, तशीच पुढे गेले.